बेसिन ब्रिजला गाडी थांबते

नववीच्या एका पेपरात एका मुलानं लिहिलं होतं, की बंगळुरू वसवणारा केंपेगौडा संध्याकाळी राजकालुव्यातून होडीत बसून आपलं शहर पाहायला निघत असे. मी हसले, लाल पेनाचं टोपण काढलं, पण शून्य द्यायला हात धजेना. चूक त्या पोराची थोडी आणि शब्दाची जास्त होती. कन्नडातलं ‘कालुवे’ आणि आपला ‘कालवा’ एकाच घरातले. त्याच आठवड्यात त्यानं माझ्याकडूनच इंग्लंडची औद्योगिक क्रांती ऐकली होती. तिथल्या कालव्यांत कोळशाच्या नावा होत्या, काठावरून चालणारे घोडे त्या ओढत होते. आणि आमच्या शाळेमागून तर खराखुरा राजकालुवे वाहतो. कालव्यात नाव असते, हा राजाचा कालवा, म्हणजे यात राजाची नाव. तर्कात खोट काढायची तर कुठे काढायची?

दुसऱ्या दिवशी वर्ग घेऊन मी त्या राजकालुव्याच्या पुलावर गेले. पस्तीस पोरं नाकाला रुमाल लावून कठड्याला टेकली. खाली काळं पाणी, थर्माकोल, नारळाच्या करवंट्या आणि थोड्या वेळानं आमच्याच एका मुलीची पाण्याची बाटली. मी विचारलं, “यातून होडी का जात नाही?” घाण आहे म्हणून, असं बहुतेकांचं मत पडलं. पूल फार खाली आहेत, असं दोघा-तिघांचं. मग बाटलीची मालकीण, आपल्या बाटलीकडे बघतच, म्हणाली, “मॅम, पाणी पळतंय.”

हेच उत्तर. बंगळुरू नऊशे मीटरहून उंच पठाराच्या पाठीवर बसलंय. इथे मोठी नदी नाही. शहराच्या मधोमध पाणलोटाची धार आहे. तिच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वृषभावतीतून अर्कावतीला आणि तिथून कावेरीला जातो, पूर्वेकडचा दक्षिण पिनाकिनीतून तामिळनाडूत उतरतो. राजकालुवे म्हणजे एका तळ्याचं भरून वाहिलेलं पाणी खालच्या तळ्यात नेणारा पाट. वरची तळी आम्ही बुजवली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचा बस स्टँड आहे, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम. पाट तेवढे राहिले, आता ते सांडपाणी नेतात. नावेला लागतं उथळ का होईना, पण समतल आणि जवळजवळ थांबलेलं पाणी. चढ आला तर पुढे-मागे दारं लावून पाण्याच्या पायऱ्या बांधाव्या लागतात, त्यांना लॉक म्हणतात. पठारावर चढून येणाऱ्या गावासाठी तो खटाटोप कोण करणार? इथला माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून यायचा. अक्कीपेटेत तांदूळ, रागीपेटेत नाचणी, अरळेपेटेत कापूस. शहाजीराजांच्या जहागिरीतही तसाच आणि टिपूच्या अमलातही तसाच. मग 1864 साली जोलारपेटकडून रूळ कँटोन्मेंटपर्यंत आले. या शहरानं कालव्याचं युग पाहिलंच नाही. बैलावरून उतरून ते थेट आगगाडीत चढलं.

तेव्हा जे इथे कधी नव्हतं ते इथल्या मुलांना शिकवायचं. आधी काही वर्षं मी पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं. ‘कालवा वाहतुकीचा उदय आणि अस्त’ असा मथळा, खाली सनावळी. मुलं लिहून घेत, परीक्षेत परत करत, हिशेब मिटे. उदय आणि अस्त हे शब्दच मला खटकू लागले होते. सूर्य सहाला उगवतो, सहाला मावळतो, मध्ये त्याच्यावर कुणाचं पोट नसतं. कालवा तसा मावळत नाही. हे मला शाळेत येण्याच्या फार आधी माहीत होतं, आजोळी.

माझं आजोळ गोव्यात, कुंभारजुव्याच्या कालव्याजवळ. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारी ही सतराएक किलोमीटरची भरती-ओहोटीची वाट. म्हणायचं कालवा, पण कालव्यासारखी सरळ रेघ नाही. खारफुटीतून वळणं घेत जाते आणि तिच्यात मगरी आहेत. काठच्या गावांत चिखलाची मगर करून, तिला शिंपल्यांचे खवले लावून पूजतात. त्याला ‘मानगे थापणी’ म्हणतात. मामा बार्जवर खलाशी होता. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा बार्जना अडवायचा, तेव्हा लोहखनिजानं भरलेल्या बार्ज या आतल्या वाटेनं जुवारीत उतरून मुरगावकडे जायच्या. बाणस्तारीच्या पुलावर उभं राहून आम्ही मुलं त्या मोजायचो. इतक्या भरलेल्या असायच्या, की काठ आणि पाणी यांत वीतभर अंतर. तांबड्या मातीचा डोंगर पाण्यावर बसून चाललाय असं वाटायचं.

2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पुढे काही काळ थोड्या सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद. त्या वर्षीच्या मे महिन्यात मी गेले तर बार्ज ओळीनं नांगरलेल्या, बुडाला गंज, डेकवर गवत. मामा पायरीवर बसला होता. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, कसं चाललंय. तो म्हणाला, “उदक आसा, काम ना.”

पाणी आहे, काम नाही. जलवाहतुकीच्या अस्तावर मी जेवढं वाचलंय त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

परतताना मी त्याच्याकडून बार्ज बांधायच्या दोरखंडाचा हातभर तुकडा मागून आणला. “कित्याक?” म्हणून त्यानं विचारलं, शाळेत दाखवायला, म्हटल्यावर खूप वेळ हसला. वर्गात दाखवायच्या वस्तूंची मी एक पेटी केलीय, तो तुकडा तिच्यातली पहिली वस्तू. वर्गात मी काही न सांगता तो पहिल्या बाकावर ठेवते आणि मागपर्यंत फिरवायला सांगते. मनगटाएवढा जाड नायलॉन, एका बाजूनं घासून पिंजलेला, पिळात अजूनही तांबडी धूळ. शेवटच्या बाकापर्यंत पोचेतो सगळ्यांचे तळवे तांबूस होतात. मग प्रश्न: हा कशाला बांधला होता? एकाच बाजूनं का झिजलाय? धूळ कसली? मुलं झीज वाचायला लागतात. आणि सगळ्यात शेवटी मी विचारते, हा आता इथे माझ्याकडे कसा? कामातला दोर कुणी शाळेत आणून देत नाही.

दुसरी वस्तू नाण्यांच्या प्रदर्शनात मिळाली: तांब्याचं अर्ध्या पेनीचं टोकन, 1795 सालचं, टेम्स अँड सेव्हर्न कालव्याच्या कंपनीचं. एका बाजूला शिडाची नाव, दुसऱ्या बाजूला डोंगरातल्या बोगद्याचं तोंड. त्या काळी इंग्लंडात सुट्ट्या तांब्याच्या नाण्यांची टंचाई होती, म्हणून कंपन्या आपापली नाणी पाडत आणि दुकानदार ती घेत. मुलांना हे भारी आवडतं. कँटीनमध्ये चालेल का, हा प्रश्न दरवर्षी येतो. पण मला त्यांना दाखवायचा असतो तो भरवसा. कालवा नुकताच पुरा झालेला आणि कंपनीच्या तांब्यावर लोक भाकरी विकत घेतायत. ब्रिजवॉटरच्या ड्यूकनं 1761 साली आपल्या खाणीपासून मँचेस्टरकडे कालवा नेला तेव्हा तिथला कोळसा निम्म्या भावाला आला होता. त्यानंतर तीस वर्षांत सगळ्या देशाला कालव्यांचं वेड लागलं. ज्याच्यापाशी चार पौंड होते तो कालव्याचे शेअर घेत होता.

नाण्यावरचा तो बोगदा साडेतीन किलोमीटर लांब. आत घोड्याला वाट नाही. घोडा डोंगरावरून वळसा घालून जायचा आणि नावाडी नावेवर उताणे पडून, पाय बोगद्याच्या भिंतीला लावून, भिंतीवर चालत नाव पुढे सरकवायचे. हे सांगितलं, की निम्मा वर्ग बाकांवर आडवा. शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन बघून जातात. हरकत नाही. तीन तास अंधारात पायांनी ढकलणं म्हणजे काय, हे पोटऱ्यांना कळलं पाहिजे, तरच 1830 साली लिव्हरपूल ते मँचेस्टर गाडी धावली म्हणजे काय झालं ते डोक्याला कळेल. त्या बोगद्यातून शेवटची भरलेली नाव 1911 च्या सुमारास गेली. म्हणजे आगगाडीनंतरही ऐंशी वर्षं कुणी ना कुणी भिंतीवर चालतच होतं.

मग आम्ही मैदानात जातो. प्लास्टिकचा टब, त्यात वीस किलो वाळू, पुढे दोरी आणि दोरीला विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा. आधी टब मातीवरून ओढायचा. काटा टोकाला जाऊन अडकतो. मग तोच टब शाळेच्या हौदात. एक बारीकशी मुलगी दोन बोटांनी ओढते आणि काटा जेमतेम हलतो. एक घोडा रस्त्यावर टनभर ओढायचा, कालव्यात पंचवीस-तीस टन. पण तीच मुलगी घाई करायला गेली, की टबापुढे पाणी फुगतं, काटा चढतो, टब हेलकावे खातो. पाणी ओझं उचलून घेतं, पण घाई खपवून घेत नाही. बाकीचा धडा या हौदातच आहे असं माझं मत झालंय.

आपल्याकडे या विचाराचा कट्टर माणूस होता आर्थर कॉटन. त्यानं दौलेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला, 1852 साली तो पुरा झाला, आणि त्याच्या कालव्यांतून शेताला पाणीही गेलं आणि नावाही. रुळांवर पैसा ओतू नका, कालवे काढा, पाण्यावरची वाहतूक स्वस्त, वर शेतीही भिजेल, असं तो आयुष्यभर लंडनला सांगत राहिला. लंडननं रूळ निवडले. तुंगभद्रेवरून कर्नूल ते कडप्पा असा नावांचा आणि सिंचनाचा कालवा एका कंपनीनं काढला, तो तोट्यात गेला, 1882 साली सरकारनं विकत घेतला. कॉटन सगळ्यात बरोबर होता असं मी वर्गात सांगत नाही. मालाला कधी घाई असते, कधी नसते. त्याच्या हिशेबात घाईचा रकाना नव्हता.

तिसरी वस्तू पेटीत नसते, ती मी घरून आणते: साडेचारशे ग्रॅम तांदूळ. एका मुलाला तो तराजूत मोजायला लावते. तांदूळ बघून पोरं म्हणतात, बराच आहे की. मग सांगते, की 1877 च्या जानेवारीत, मद्रास इलाख्यात दुष्काळी कामावर दिवसभर माती खणणाऱ्या पुरुषाला साधारण एवढं धान्य मिळावं, असा दर हिंदुस्थान सरकारनं दुष्काळासाठी पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवला, वर किरकोळ पैसे. भाजी, डाळ, तेल त्यातच भागवायचं. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी यावर माणूस जगणार नाही म्हणून जोरानं विरोध केला आणि काही महिन्यांनी दर वाढवावा लागला. टेंपल तोवर मुंबईचे गव्हर्नर होऊन गेले होते. आपल्याकडेही तोच दुष्काळ होता, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं कामावरच्या मजुरीबद्दल सरकारशी कागदोपत्री झुंज घेतली होती. मैसूर संस्थानात तर सुमारे पाचातलं एक माणूस मेलं. बंगळुरूला तेव्हा रेल्वे होती. मद्रासहून धान्य गाडीनं येतही होतं. स्टेशनपासून पुढे ते न्यायला पुरेसे बैल जिवंत नव्हते आणि ते घ्यायला माणसांपाशी पैसे नव्हते.

मला या धड्यात सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारी गोष्ट पुढे आहे. एकच दुष्काळ, तेच उपाशी हात, तीच कुदळ आणि पाटी. पण तीन ठिकाणी त्यांच्याकडून तीन वेगळ्या गोष्टी खणून घेतल्या गेल्या. मद्रासला नावांचा कालवा, पुण्याकडे सिंचनाचा कालवा, मैसूरला रेल्वे. पुण्याकडचा नीरेचा डावा कालवा 1876 साली दुष्काळी काम म्हणून खणायला घेतला, 1885 साली वाहता होऊन तो बारामतीकडे गेला. त्याचं पाणी आज उसात आहे. बंगळुरू-मैसूर लोहमार्गाचं मातीकाम दुष्काळी मजुरांनी केलं, 1882 साली गाडी मैसूरला पोचली. वर्गातली निम्मी पोरं दसऱ्याला त्याच मार्गानं जातात. आणि मद्रासला अड्यार आणि कूवम या दोन नद्यांमधला आठ किलोमीटरचा दुवा खणून किनाऱ्यालगतचे तुटक कालवे जोडले गेले. तेव्हाच्या गव्हर्नरांचं नाव त्याला मिळालं: बकिंगहॅम कालवा.

त्याची सुरुवात जुनी. बॅसिल कॉक्रेन नावाच्या आरमाराच्या एका पुरवठेदारानं 1806 साली मद्रासपासून एन्नोरपर्यंत पहिला तुकडा काढला होता. वाढत वाढत तो आंध्रातल्या पेद्दगंजामपासून तामिळनाडूतल्या मरक्काणमपर्यंत 420 किलोमीटर झाला. समुद्राला समांतर, पण लाटांपासून आत. नावाडी वारा असला तर शीड उभारत, नसला तर बांबूनं रेटत, तेही जमेना तर काठावर उतरून खांद्यावर दोर घेत. इथे मी मामाचा दोर पुन्हा फिरवते.

1899 साली विजयवाड्याहून मद्रासला रेल्वे आली, जवळजवळ कालव्याला खेटून. पुस्तकात इथे अस्त होतो. प्रत्यक्षात नावा पुढेही कित्येक दशकं चालल्या. घाईचा माल गेला, बिनघाईचा राहिला: सरपण आणि मीठ. मीठ नासत नाही, सरपण वाट बघतं. मद्रासच्या चुली पेटत्या ठेवायला पुलिकतकडच्या रानातलं लाकूड कालव्यानंच यायचं. मग घरोघरी रॉकेल आणि गॅस आले. कालव्याचा जीव इंजिनानं अर्धाच घेतला, उरलेला स्वयंपाकघरातल्या शेगडीनं घेतला असं मला वाटतं. त्यानंतर गाळ, वादळं आणि शहराचं सांडपाणी यांना फारसं काही करावं लागलं नाही. 2004 च्या त्सुनामीत बऱ्याच ठिकाणी लाटेचा जोर याच पडीक कालव्यानं झेलला. 2008 साली त्याला राष्ट्रीय जलमार्गाचा मान मिळाला. कुंभारजुव्यालाही 2016 च्या कायद्यानं नंबर मिळालाय, 27. मामाला सांगितलं तर म्हणाला, बरं झालं.

दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन लालबाग एक्स्प्रेसनं चेन्नईला गेले. सेंट्रलच्या अलीकडे गाडी थांबली. बंगळुरूहून जाणाऱ्या कुणालाही विचारा, गाडी तिथे थांबतेच. पुढे फलाट मोकळा नसतो. लोक बॅगा काढून दाराशी उभे राहतात, घड्याळ बघतात, रेल्वेला शिव्या देतात. आमची पोरंही उठली होती. मी फक्त फलाटावरच्या पाटीकडे बोट केलं. बेसिन ब्रिज. कुणीतरी म्हणालं, बेसिन म्हणजे हात धुवायचं? मग एकदम तीन-चार जणांना उमगलं. हा नावा लावायचा हौद होता, इथे कालव्याच्या होड्या येऊन माल उतरवायच्या. कालवा मोडीत काढणाऱ्या रेल्वेनं आपल्या जंक्शनला कालव्याचं नाव ठेवलंय आणि सव्वाशे वर्षं तिच्या गाड्या तिथे ताटकळतायत. दारातल्या एका काकांनी आमच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं, कारण रखडलेल्या गाडीत पस्तीस पोरं टाळ्या वाजवत होती.

संध्याकाळी आम्ही चेन्नईच्या उंचावरून धावणाऱ्या लोकलनं चेपॉक, तिरुवल्लिकेणी, लाइट हाउस असे मैलापूरकडे गेलो. 1990 च्या दशकात तो मार्ग बांधताना जागा शोधावी लागली नाही, काही खांब सरळ कालव्यात रोवले. केंपेगौडाला होडीत बसवणारा तो मुलगा तेव्हा दहावीत गेला होता, हट्टानं सोबत आला होता. तो दारातल्या काचेला नाक लावून खाली बघत होता. खाली काळं पाणी, आमच्या राजकालुव्यासारखंच, आणि त्यातून वर येणारे आमच्या गाडीचे पाय.

“मॅम,” तो म्हणाला, “आपण कालव्यातूनच चाललोय.”

त्या पेपरात मी त्याला दोन गुण दिले होते. आता वाटतं, तीन द्यायला हवे होते.

सुटीत बंगळुरूहून चेन्नईला निघालात, तर सकाळच्या गाडीचं तिकीट काढा. बेसिन ब्रिजला गाडी थांबेल. तेवढा वेळ बॅग खाली ठेवा आणि बरोबरच्या पोराला पाटी वाचू द्या.